लिंकर मागे नेणाऱ्यांनो, आधी एरर तर वाचा

दांडियाबाजारी
परवा आपल्याच बडोदेकर मंडळींपैकी एकानं फर्मान काढलं: "बायनयुटिल्स अपडेट झालं की कर्नल बिल्ड फुटणारच. उपाय एकच. जुना लिंकर परत टाका, पॅकेज लॉक करा, चहा प्या." त्यावर बावीस अंगठे. नाव घेत नाही, तो इथे येणारच आहे. नव्यांसाठी: कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बिल्ड म्हणजे सोर्सपासून तो तयार करणं. कंपायलरनं काढलेले तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल, जोडतो तो लिंकर; तो आणि असेंब्लर बायनयुटिल्स या पॅकेजात येतात.

लिंकर मागे न्यायला माझी ना नाही. एरर न वाचता नेण्याचा राग आहे. बायनयुटिल्स २.३९ घ्या, ऑगस्ट २०२२. लिंकर दोन नव्या कुरबुरी करायला लागला. एक, असेंब्लीतल्या ऑब्जेक्ट फाइलला '.नोट.ग्नू-स्टॅक' सेक्शनच नाही, म्हणजे स्टॅक (प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) एक्झिक्युटेबल, कोड चालवता येण्याजोगा, धरावा लागतोय. दुसरी, एकाच लोड सेगमेंटला वाचा, लिहा, चालवा अशा तिन्ही परवानग्या आहेत. दोन्ही नुसत्या वॉर्निंग, कर्नल तयार होतोच. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये 'वॉर्निंग दिसली की थांब' असं आहे त्यांचंच अडलं. कर्नलवाल्यांनी त्याच महिन्यात कर्नल ६.० साठी व्हीडीएसओ (कर्नल प्रोग्रॅमना देतो ती छोटी लायब्ररी) आणि बूटचे तुकडे जोडताना 'नोएक्झेकस्टॅक', म्हणजे स्टॅकवर कोड चालू नये असा फ्लॅग, द्यायला सुरुवात केली. लिंकर खरं बोलत होता, आपण त्याचं तोंड दाबलं.

त्याआधी २०१८ मधलं २.३१. असेंब्लर उड्यांसाठी पीसी३२ ऐवजी पीएलटी३२ रिलोकेशन (पत्ता नंतर भरायची खूण) लिहू लागला. जुन्या झाडात, म्हणजे कर्नलच्या जुन्या सोर्समध्ये, कुणाचं बिल्डच थांबलं, कुणाचं झालं पण मॉड्यूल चढवताना 'अननोन रेला रिलोकेशन: ४' म्हणून आपटलं. पॅच केवढा? पीएलटी३२ दिसलं तर पीसी३२ समजा, संपलं. कर्नल ४.१६ मध्ये आला, स्टेबल (जुन्या, फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखांतही गेला. चार ओळी उचलून आणायचा कंटाळा, म्हणून अख्खी मशीन गोठवून ठेवायची?

मकरपुरा_बोर्डवाला
तो मीच. आलो.

साहेब, तुम्ही घरच्या पीसीवर ताजा कर्नल बनवता आणि लोकांना स्टेबलचे पॅच उचलायला सांगता. माझ्याकडे बोर्डच्या व्हेंडरनं दिलेलं ४.९ चं झाड आहे. झाड कसलं, झिप! गिटची हिस्ट्री नाही. ड्रायव्हर वाट्टेल तिथे कोंबलेले. कुठला पॅच कुठे बसवू? सव्वीस मार्चला माल निघायचा होता. शुक्रवारी लॅपटॉप अपडेट झाला, शनिवारी बिल्ड फुटलं, आणि शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की एलडीनं, म्हणजे लिंकरनं, एक्झिट स्टेटस १ दिलं, म्हणजे तो फसला. चोर स्वतःचं नाव सांगतोय, अजून काय वाचू? सगळं मागच्या आठवड्याच्या स्नॅपशॉटवर नेलं, पाच मिनिटांत बिल्ड. माल गेला, पगार झाला. तुमच्या चार ओळींच्या तत्त्वज्ञानावर माझ्या घरचा गॅस पेटत नाही.

सुरसागर_काठी
दोघंही चूक. सिस्टिमचा लिंकर मागे न्यायचा नाही आणि व्हेंडरच्या झाडाला हातही लावायचा नाही. त्या झाडाच्या वयाचा जीसीसी (कंपायलर) आणि बायनयुटिल्स एका कंटेनरमध्ये, बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात, बंद करायचे, बिल्ड तिथेच. लॅपटॉप मग रोज अपडेट करा, फरक पडत नाही. मी २०१९ पासून हेच करतोय.

आणि एक विचारतो. पगार ज्या मशीनवर अवलंबून आहे तिच्यावर रोलिंग डिस्ट्रो (सतत नवं अपडेट होणारं लिनक्स) टाकतो कोण? कामाच्या मशीनवर रोलिंग म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदाच जिलबी करून बघणं.

मकरपुरा_बोर्डवाला
रोलिंगवर घसरू नका, तो वेगळा विषय आहे.

सुरसागर_काठी
तोच तर विषय आहे!

प्रतापनगर_फलाट
या भांडणावरून आपली डभोईची गाडी आठवली. १८६२ साली सयाजीराव महाराजांनी डभोई–मियागाम नॅरोगेज टाकली, देशातली पहिली. इंजिन आणून बघितलं तर रूळ इतके हलके की त्यांना ते पेलेना. मग काय, डब्यांना बैल! भक्कम रूळ टाकून १८७३ मध्ये इंजिनावर नियमित गाडी सुरू झाली. बोर्डवाल्यांचं झाड म्हणजे तेच जुने रूळ. नवं इंजिन वाईट नाही, पण त्या रुळांवर बैलच बरे.

दांडियाबाजारी
उपमा छान, पण महाराजांचा जन्म मार्च १८६३ चा. जन्माआधीच रूळ टाकले?

प्रतापनगर_फलाट
बरं, खंडेराव महाराज. गायकवाडच ने? मुद्दा रुळांचा आहे.

खंडेराव_मार्केट
नाही, मुद्दा नावाचाच आहे! बडोद्यात जे जे चांगलं झालं ते सगळं सयाजीरावांच्या खात्यावर. थोर होतेच, वाद नाही. पण खंडेरावांच्या वाट्याला उरलं काय, तर मार्केटचं नाव. भाजी घ्यायला रोज जाता, खंडेराव कोण हे पोरांना विचारून बघा. माझ्या मुलीला शाळेत रेल्वेवर निबंध होता, त्यात मी खंडेराव लिहायला सांगितलं तर बाईंनी लाल शाईनं सयाजीराव केलं. मी भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "काका, सगळे तसंच लिहितात." सगळे तसंच लिहितात! हाच रोग आहे. तुमच्या लिंकरचंही तेच चाललंय. शेवटच्या ओळीत ज्याचं नाव त्याच्यावर खापर.

आजीचा_डबा
लिंकर काय ते मला कळत नाही, वरचं 'कर्नल' वाचून मी लष्करातल्या साहेबांवर चर्चा असेल म्हणून आले. पण डभोईची गाडी निघाली म्हणून लिहिते. लहानपणी आजोबांच्या श्राद्धाला आम्ही प्रतापनगरहून त्या छोट्या गाडीनं डभोई आणि पुढे चांदोदला जायचो. गाडी इतकी हळू की मामा खाली उतरून बोरं तोडून परत चढायचा, आणि आजी प्रत्येक वेळी तेच ओरडायची. नर्मदेवर विधी आटोपले की गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला. आता ब्रॉडगेज झालंय म्हणतात. बरंच झालं. पण बोरं गेली.

सुरसागर_काठी
मावशी, २०२१ च्या जानेवारीत चांदोद ब्रॉडगेजवर आलं. मी त्यानं केवडियाला गेलोय, झकास गाडी. ही जुन्या गाडीची रड मला कळत नाही. हळू गाडीत रोज घामेजून जाणाऱ्यांना विचारा, वर्षातून एकदा बोरं खायला जाणाऱ्यांना नको.

आजीचा_डबा
मी "बरंच झालं" असं लिहिलंय, बाळा. चष्मा लाव.

खंडेराव_मार्केट
आणि मामा उतरून परत चढायचा हे सगळ्यांच्याच मामाचं कसं असतं हो? आमचाही चढायचा.

दांडियाबाजारी
गाडी यार्डात लावा आता. बोर्डवाले, तुम्ही एररची शेवटची ओळ सांगितलीत. तिच्या वरच्या दोन ओळी टाका. आहेत ना जपून, की तेवढ्यात चहा झाला?

मकरपुरा_बोर्डवाला
टोमणे नकोत. टर्मिनलचा फोटो आहे. 'एचओएसटीएलडी स्क्रिप्ट्स/डीटीसी/डीटीसी', त्याखाली 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक', मग एलडीची ओळ. डेफिनिशन जुळवणं लिंकरचंच काम ना? काल चालत होतं, आज नाही. अजून काय पुरावा हवा?

दांडियाबाजारी
हाच पुरावा हवा होता. दोन गोष्टी बघा.

पहिली, ओळीची सुरुवात होस्टपासून, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनपासून आहे. डीटीसी हे डिव्हाइस ट्रीचं (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या यादीचं) अवजार लॅपटॉपसाठी बनतं, बोर्डसाठी नाही. तुमचा कर्नल जोडणारा क्रॉस लिंकर इथे आलेलाच नाही.

दुसरी, वायवायलॉक. जुन्या डीटीसीत हे एकच व्हेरिएबल लेक्सर आणि पार्सर (फाइल वाचून तिचा अर्थ लावणारे दोन भाग) दोन्हीकडे जाहीर केलेलं आहे. जीसीसी १० च्या आधी कंपायलर अशा दुहेरी गोष्टी 'कॉमन' म्हणून सोडायचा आणि लिंकर मुकाट्यानं एक करायचा. २०२० मध्ये जीसीसी १० नं डिफॉल्ट बदलून 'नो-कॉमन' केला. आता कंपायलर दोन स्वतंत्र डेफिनिशन काढून देतो, त्या पुढ्यात आल्यावर लिंकरनं करायचं काय? तुमचा लिंकर दहा वर्षं मागे नेला तरी हीच ओळ येईल. चाललं कशामुळे? तुम्ही अख्खा स्नॅपशॉट मागे नेलात, त्यात जीसीसीही मागे गेला.

उपाय: होस्टच्या सी फ्लॅगमध्ये 'एफकॉमन' द्या, म्हणजे जुनी 'कॉमन' पद्धत परत येईल. नाहीतर लेक्सरमधली ती जास्तीची जाहीर ओळ खोडा, मुख्य झाडात तेच केलंय. फक्त तुमच्या झाडात लेक्सरची आधीच तयार केलेली 'शिप्ड' प्रत असेल तर त्यातही खोडा, नाहीतर जुनंच परत येईल.

खंडेराव_मार्केट
म्हणजे रूळ खंडेरावांचे आणि पाटी सयाजीरावांची.

प्रतापनगर_फलाट
बस करा ने, काका. चुकलो म्हटलं.

मकरपुरा_बोर्डवाला
थांबा, एवढ्यात हार घालून घेऊ नका. माझ्या केसमध्ये कंपायलर निघाला, मान्य. पण तुमच्याच यादीत २.३१ आहे. तिथे तर बायनयुटिल्सनंच बदललं ना? २.३८ नं रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी सीएसआरच्या (कंट्रोल रजिस्टरच्या) सूचना मूळ संचातून बाहेर काढल्या, चालू झाडं रात्रीत 'अनरेकग्नाइज्ड ऑपकोड' म्हणू लागली. युजरचा प्रोग्रॅम मोडायचा नाही म्हणून लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स लोकांना फाडून खातात, आणि टूलचेननं (कंपायलर, लिंकर वगैरेंनी) कर्नलच मोडला तर "पॅच उचला"? कर्नलच्या कागदपत्रांत बायनयुटिल्सची किमान आवृत्ती लिहिलेली असते. कमाल कुठे लिहिलीय? माझ्यासारख्यानं समजायचं कसं की ४.९ ला कुठल्या पायरीपर्यंत चढवता येतं?

दांडियाबाजारी
कमाल लिहिलेली नसते, हे खरं आहे. आणि लिहिली असती तर मी हा धागा काढलाच नसता, हेही लिहून घ्या. ४.९ निघाला तेव्हा २.३८ जगात नव्हतं, लिहिणार कोण? पण व्हेंडर लिहू शकतो. 'या झाडाला हा जीसीसी, हे बायनयुटिल्स' एवढी एक ओळ झिपमध्ये टाकली तर सुरसागरवाल्यांचा कंटेनर अर्ध्या तासात उभा राहील. रागावायचंच तर तिथे रागवा.

सुरसागर_काठी
म्हणजे शेवटी कंटेनरच. नोंद घ्यावी.

मकरपुरा_बोर्डवाला
व्हेंडरला तीन मेल केल्या. उत्तर आलं, "प्लीज यूज अवर व्हर्च्युअल मशीन." सोळा जीबीची आहे आणि आत २०१४ चं उबुंटू.

दांडियाबाजारी
मग तेच तुमचे बैल.

मकरपुरा_बोर्डवाला
आत्ता नव्या जीसीसीवर एफकॉमन देऊन चालवलं. डीटीसी बनलं, पुढेही गेलं, झी-इमेज, म्हणजे तयार कर्नलची फाइल, आली. तुम्ही बरोबर होता, असं समजा.

पॅकेजचं लॉक मात्र काढणार नाही.

आजीचा_डबा
चांदोदला आता सकाळची गाडी किती वाजता आहे, कुणी सांगेल का?