शब्दचर्चा : सिंक फोल्डर ‘हलवणे’

प्रश्न : वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल-साठवण सेवेचे फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कसे न्यावे, याचे मराठी टिपण मी कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी तयार करत आहे. ‘सिंक’साठी (सिंक्रोनाइझ, म्हणजे संगणकावरील आणि ऑनलाइन फाइली आपोआप सारख्या ठेवणे) समक्रमण लिहावे, संकालन लिहावे की सिंकच ठेवावे? तसेच ‘मूव्ह’साठी ‘हलवणे’ पुरेसे आहे का?

प्रतिसाद : पहिल्या प्रश्नात फारसे अडण्यासारखे नाही. ‘संकालन’मध्ये काल आहे आणि सिंक्रोनाइझमधील ग्रीक ‘क्रोनोस’चा अर्थही काळच, ‘समक्रमण’ कानाला मूळ शब्दाच्या जवळचे वाटते, पण त्यातील क्रम हा पाऊल टाकण्याचा आहे, त्याचा क्रोनोसशी काहीही संबंध नाही. व्युत्पत्तीचा हा आनंद आपल्यापुरता ठेवून टिपणात ‘सिंक’ लिहावे, कारण सहकाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे.

‘हलवणे’ मात्र सरसकट वापरू नये. विंडोजमध्ये एखादे फोल्डर माउसने ओढून दुसऱ्या ड्राइव्हवर टाकले, तर ते हलत नाही, त्याची प्रत होते. त्याच ड्राइव्हवर टाकले तरच ते खरोखर हलते. त्यामुळे ‘फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा’ एवढेच वाचून कोणी ते ओढून नेले, तर वनड्राइव्ह पूर्वीप्रमाणे सी ड्राइव्हवरील फोल्डरच सिंक करत राहील, आणि डी ड्राइव्हवरील प्रतीत केलेले बदल कुठेही पोहोचणार नाहीत. आपल्याला अभिप्रेत आहे ते ‘सिंक फोल्डरचे ठिकाण बदलणे’, आणि तसेच लिहावे. ड्रॉपबॉक्स या तशाच दुसऱ्या सेवेत ही सोय विंडोजवर सेटिंग्जमध्येच मिळते. वनड्राइव्हमध्ये आधी ‘अनलिंक’ करून संगणकाची जोडणी सोडावी लागते, मग फोल्डर नव्या जागी न्यावे लागते आणि पुन्हा साइन इन करताना तेच ठिकाण निवडावे लागते. ‘अनलिंक’साठी ‘खाते काढणे’ लिहू नये. ते वाचून लोक धास्तावतात, प्रत्यक्षात ऑनलाइन फाइली जागच्या जागी असतात. जोडणी सोडण्यापूर्वी एवढे पाहावे की, ज्या फाइली केवळ ऑनलाइन आहेत, म्हणजे ज्यांच्यापुढे निळ्या ढगाचे चिन्ह दिसते, त्या संगणकावर उरत नाहीत.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे, परंतु अधिक गोंधळ ‘काढणे’ या क्रियापदाने होतो. ‘फाइल संगणकावरून काढा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘फ्री अप स्पेस’ निवडल्यास संगणकावरील प्रत जाते, नाव दिसत राहते आणि फाइल ऑनलाइन राहते. ‘डिलीट’ केल्यास ती सगळीकडून जाते, त्याच खात्याला जोडलेल्या घरच्या संगणकावरूनही. सिंक फोल्डरमधील फाइल त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या, सिंक नसलेल्या फोल्डरमध्ये ओढून नेली, तरी वनड्राइव्हच्या दृष्टीने ते हटवणेच ठरते. म्हणून पहिल्यासाठी ‘जागा मोकळी करणे’, दुसऱ्यासाठी ‘हटवणे’, असे दोन शब्द पक्के करावेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘सिंक’ला कंसात ‘बॅकअप’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद : मुळीच नको. गूगलनेच २०१७ मध्ये आपल्या प्रोग्रॅमला ‘बॅकअप अँड सिंक’ असे जोडनाव दिले होते. २०२१ मध्ये त्याची जागा ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ने घेतली, पण बॅकअप आणि सिंक एकच हा समज कायम राहिला. बॅकअप म्हणजे राखीव प्रत, मूळ फाइल गेली तरी ती उरते. सिंकमध्ये मुळातले हटवणेही प्रतीपर्यंत पोहोचते. वैयक्तिक वनड्राइव्ह खात्यात हटवलेली फाइल रीसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, एवढे मात्र टिपणात अवश्य घालावे.