बाबांच्या पेटीतल्या कॅसेटी : व्हर्जन ठेवू का मूळ गाणं टाकू?

पऱ्हाटी (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. बाबांकडे लाऊडस्पीकर होता, लग्नाबारशाला भाड्यानं द्यायचे. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि पत्र्याच्या पेटीत कॅसेटी. बाबा गेले, भोंगे भंगारात गेले, पेटीला मात्र आईनं कोणाला हात लावू दिला नाही. या दिवाळीत उघडली तर २१४ कॅसेटी निघाल्या. कव्हरावर सिनेमाचं नाव काहीही असो, बाबांनी मार्करनं आपलंच लिहून ठेवलंय : हळद, वरात, पंगत, बिदाई. गायक कोण याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, गाणं कोणत्या वेळेला वाजवायचं तेवढं पाहिजे.

मी एकेक कॅसेट लॅपटॉपवर घेऊन रायलो. टेपचं हेड पुसायला कापूस घरचाच, स्पिरिट तेवढं मेडिकलमधून आणलं. घोळ असा झाला की पुतण्यानं मोबाइलवर तेच गाणं लावलं न म्हणे, "काका, तुमचा रफी येगळाच हाये." बसलो मग दोन्ही शेजारी लावून ऐकत. खरंच वेगळा. ज्याला मी तीस वर्षं रफी समजत होतो, तो दुसराच कोणी निघाला. आतापर्यंत साठेक कॅसेटी झाल्या, त्यात वीसच्या वर अशा व्हर्जनवाल्या, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याच कोणी गायलेलं.

आता पेनड्राइव्हवर काय ठेवू? मूळ गाणी टाकून ही काढून टाकू? आणि कव्हर नसलेल्या कॅसेटींत मूळ कोणतं न व्हर्जन कोणतं, हे ओळखायचं कसं?

भोंगेवाला (दारव्हा)
भाऊ, तुमच्या बाबानं फसून नाही घेतल्या त्या. आम्हीही हाच धंदा केला. एक तर व्हर्जनवाली कॅसेट स्वस्त, लग्नाच्या सीझनमध्ये दोन-चार तर टेप गुंडाळूनच मरायच्या. आणि दुसरं म्हणजे भोंगा. भोंग्याला मधलाच आवाज कळतो, तबल्याचा खर्ज तो खाऊन टाकतो. जुन्या रेकॉर्डीतलं व्हायोलिन निंबाच्या झाडावरून ऐका, पत्र्यावर पाणी पडल्यासारखं येते. व्हर्जनमध्ये कीबोर्ड न ऑक्टोपॅड, ठणठण दुसऱ्या गावापर्यंत जाते. वरबापाले तेच पायजे असते. मूळ गाणं आम्ही रात्री घरी ऐकायचो, टेपवर.

जुनी तबकडी (वर्धा)
आधी ओळखण्याचं सांगतो. इनले कार्ड (डबीतला घडीचा छापील कागद) असेल तर ते पूर्ण उघडा. सिनेमाचं नाव आणि हिरोचा फोटो ठळक, पण गाणाऱ्याचं नाव आतल्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरात, असं असेल तर नव्वद टक्के व्हर्जन. कार्ड नसेल तर हेडफोन लावा आणि एकदा डावा, एकदा उजवा कान झाका. पन्नास-साठच्या दशकातली गाणी मोनो, दोन्हीकडे सारखीच यायला हवीत. एकीकडे ढोलक आणि दुसरीकडे बासरी आली की गाणं नंतर केलेलं. टेप मात्र स्टिरिओ हवा, नाहीतर काहीच कळणार नाही. आणखी एक फसवी जात आहे, झंकार बीट्सची. तिथे गायक मूळचाच असतो, वरून ठेका चढवलेला. तिला व्हर्जन समजून फेकू नका.

आणि ही काही चोरी नव्हती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच तशी मुभा होती : मूळ रेकॉर्ड एकदा निघाली की मालकाला नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची आणि तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घ्यायचं. जुन्या सिनेमागाण्यांचा मोठा साठा एचएमव्ही कंपनीकडे होता. म्हणून टी-सिरीज कंपनीनं ऐंशीच्या दशकात या मुभेवर कॅसेटींचा पाऊस पाडला. सोनू निगमनं सुरुवातीला रफीची गाणी गायली ती याच वाटेनं, तुमचा 'रफी' तोही असू शकेल. मूळ रेकॉर्डनंतर दोन वर्षं थांबायची अट पुढं आली, २०१२च्या दुरुस्तीनं त्या दोनाची पाच वर्षं केली, शिवाय हे कव्हर व्हर्जन आहे असं वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं.

संत्राबाग
मूळच टाका न भाऊ. पेनड्राइव्हवर जागा किती लागते?

पऱ्हाटी
जागेचा प्रश्नच नाही हो. तबकडीभाऊ, कानाची युक्ती भारी आहे. रात्री अकरा कॅसेटी तपासल्या, सात व्हर्जन, एक झंकार. आठ्याहत्तर नंबरचं काही कळत नाही, त्यात बाईचा आवाज आहे आणि मधूनच बकरी ओरडते.

खंजेरी (तिवसा)
तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्या उशाशी. त्यांची भजनं गावोगावची मंडळं म्हणतात, प्रत्येकाची लय निराळी, खंजेरीचा हात निराळा. त्याला कोणी व्हर्जन म्हणत नाही. आणि सगळ्यांच्या घरातल्या गीतरामायणाचं काय? ते १ एप्रिल १९५५ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सुरू झालं तेव्हा छप्पन्न गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा कितीतरी जणांनी वाटून गायली होती. आपण कॅसेटवर ऐकलं ते सगळं एकट्या बाबूजींच्या (सुधीर फडके) आवाजात, नंतर रेकॉर्ड केलेलं. चाली त्यांच्याच, म्हणून नकल म्हणता येत नाही. पण रेडिओवर आधी वाजलं तेच मूळ धरायचं, तर आपल्या कपाटातलं सगळंच दुसरं.

जुनी तबकडी (वर्धा)
बकरीवाली कॅसेट घरीच भरलेली असणार. ती पहिली जपा.

पऱ्हाटी
आठ्याहत्तर नंबर आईला ऐकवला. मावशी निघाली, ओवीचं गाणं, आमच्याच अंगणातलं.

मग आईच्या आवडीचं पंगतीतलं गाणं काढलं. तिला न सांगता मूळ लावलं, स्वच्छ, खोलीत बसून गायल्यासारखं. अर्धा मिनिट ऐकलं न म्हणते, "हा कोन हाय बाप्पा? माह्यावालं लाव." व्हर्जन लावलं. तेही तिला पटेना. गोष्ट अशी, की ते बाबांनी लोडशेडिंगमध्ये सेलवर भरलेलं. सेल उतरले होते (आम्ही ते उन्हात ठेवून परत घालायचो), म्हणजे भरताना टेप हळू फिरला आणि आता नीट टेपवर ते पळते. मी कॉम्प्युटरवर पाच टक्के हळू करून ठेवलं होतं. ते हळूवालं ऐकून आई म्हणे, "असं रडत असते का कुठं? बुंदी वाढाले धावत होते लोकं याच्यावर."

तेव्हा ठरलं. फोल्डर बाबांचेच : हळद, वरात, पंगत, बिदाई. मूळ गाणी वेगळ्या फोल्डरात, गायकाच्या नावानं. व्हर्जनच्या फायलीत गाणाऱ्याचं खरं नाव सापडलं तर ते, नाहीतर नुसतं 'व्हर्जन'. आईचं पळतं गाणं न सुधारता ठेवलंय, 'पंगत ०७, आईवालं' म्हणून.

अजून दीडशे कॅसेटी बाकी आहेत. बारा-तेरांचा दाबपट्टीचा स्पंज (टेप हेडवर दाबून धरतो तो) गळून पडलाय. तो कोणी घरी बसवला असेल तर सांगा, भोंगेवाले भाऊ, तुम्हीच.