पश्चिम घाटातलं मोठं काळं हॉर्सशू वटवाघूळ: लक्टस का बेडोमाय?

रानवेडा: दांडेलीकडच्या जंगलात एका जुन्या झाडाच्या ढोलीत मोठं, काळपट, लोकरीसारख्या केसांचं वटवाघूळ दिसलं, एकटंच लटकलेलं. लांबूनच एक फोटो काढला आणि निघालो. नाकावर नालेच्या आकाराची पाळ स्पष्ट दिसतेय म्हणजे हॉर्सशू बॅट हे नक्की, पण जुन्या यादीत याला रायनोलोफस लक्टस लिहिलंय आणि नवीन यादीत रायनोलोफस बेडोमाय. दोन वेगळ्या प्रजाती आहेत का एकच? आणि नुसत्या फोटोवरून ओळखता येईल का?

ढोलीतला: दांडेलीचं आहे ना, मग बेडोमाय. ही प्रजाती फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंकेत आहे. अँडरसन या प्राणिशास्त्रज्ञाने 1905 मध्ये वायनाडच्या नमुन्यावरून हिचं वर्णन केलं, नाव दिलं ते मद्रासकडच्या जंगल खात्यातल्या बेडोम साहेबावरून. पुढे लोकांनी तिला लक्टसची उपप्रजाती करून टाकलं, कारण दोघी दिसायला सारख्याच, फक्त ही जरा लहान, त्यामुळे कित्येक वर्षं सगळ्या याद्यांत आपल्याकडचं वटवाघूळ लक्टस म्हणूनच गेलं. 1992 मध्ये टोपाल आणि चोर्बा या हंगेरीच्या दोन संशोधकांनी कवट्या आणि दात तपासून ती परत वेगळी केली. म्हणून द्वीपकल्पातली लक्टसची जुनी नोंद दिसली की ती बेडोमायची समजायची. श्रीलंकेतली सोब्रिनस ही हिचीच उपप्रजाती.

निशाचर: फोटोत नाक नीट दिसतंय का ते बघा. मधोमध जो उभा भाग असतो त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गोल पाकळ्या असतील तर विषय संपला, कारण आपल्या भागातल्या बाकी हॉर्सशूंना त्या नसतात, लक्टस-बेडोमायच्या गटालाच असतात. आकारही बघा, कोपरापासून मनगटापर्यंत साधारण 6 सेंटिमीटर, तर तिथलंच नेहमी दिसणारं दुसरं हॉर्सशू, रूक्साय, 5च्या आसपास. शिवाय रूक्साय गुहांमध्ये मोठ्या संख्येने राहतं, हे मात्र एकटं किंवा जोडीने, ढोलीत नाहीतर छोट्या कपारीत. बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज पकडणारं यंत्र) मिळाला तर अजून सोपं, याचा आवाज एकाच पट्टीत 40 किलोहर्ट्झच्या जवळपास लागतो आणि रूक्सायचा 80च्या वर. आवाजाला हलकं समजू नका, रूक्साय म्हणून धरलेल्यांतूनच 2012 मध्ये इंडोरूक्साय ही प्रजाती वेगळी निघाली, त्यातही आवाजातला फरक महत्त्वाचा होता.

रानवेडा: पाकळ्या आहेत! झूम करून पाहिलं, दोन्ही बाजूंना आहेत. मग हिमालयातलं ते लक्टस का?

ढोलीतला: तेही आता बदललंय. नेपाळमधून हॉजसन या निसर्ग अभ्यासकाने 1843 मध्ये पर्नायजर नावाने वर्णन केलं होतं, ते बरीच वर्षं लक्टसमध्ये गेलेलं, आता बऱ्याच याद्या हिमालय आणि ईशान्य भारतातल्याला पर्नायजरच म्हणतात. लक्टस हे नाव मूळ जावाच्या नमुन्याचं. लक्टस आणि तिच्या अगदी जवळच्या प्रजातींची गुणसूत्रं फार वेगळी आहेत, बाकी बऱ्याच हॉर्सशूंमध्ये 58 ते 62 असतात, इथे 32च्या आसपास, आणि गुणसूत्रं नि डीएनए तपासूनच 2015 मध्ये मलेशियातून लक्टॉइडिस ही नवीन प्रजाती वेगळी केली गेली. म्हणून नोंद करताना नावाबरोबर जागा आणि फोटो हवाच, उद्या नाव बदललं तरी नोंद कामाला येते.

सावली: एक विनंती, ढोलीची नेमकी जागा इथे टाकू नका. रुंद पंखांचं, संथ उडणारं हे वटवाघूळ दाट झाडीच्या आत शिकार करतं, उघड्यावर फारसं येत नाही. तामिळनाडूतल्या वालपराईच्या मळ्यांमध्ये वटवाघळांचा अभ्यास झालाय, देशी झाडांच्या सावलीतल्या कॉफीत जंगलातली बरीच वटवाघळं टिकलेली दिसली आणि चहाच्या मळ्यांत कमी झालेली. या प्रजातीला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत सध्या धोका दाखवलेला नाही हे खरं, पण जुनी पोकळ झाडं तोडली तर यांनी राहायचं कुठे? तुमच्या त्या झाडाची वनखात्याला माहिती देता आली तर नक्की द्या.