मदत हवी आहे : जुन्या कॅसिओ घड्याळाची एक रेघ उमटत नाही
नमस्कार मंडळी. मामांचं जुनं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू डिजिटल घड्याळ दुरुस्त करतोय. नवा सीआर२०१६ सेल घातला, 'एसी' लिहिलेल्या जागी चिमटा टेकवून रिसेटही केलं. बीप वाजतो, लाइट लागतो, पण मिनिटांच्या आकड्यातली खालची आडवी रेघ उमटतच नाही. डिस्प्लेवर बोटाने हलकं दाबलं की येते, सोडलं की गेली. म्हणजे डिस्प्ले शाबूत असावा, दोष झेब्रा रबराच्या (डिस्प्ले आणि सर्किट जोडणारी रबरी पट्टी) संपर्कातच वाटतो. ते रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भागेल, की बदलावंच लागेल? पोलरायझर फिल्मही (डिस्प्लेवरची पातळ फिल्म, जिच्यामुळे आकडे दिसतात) पिवळी पडलीय, पण ते नंतर बघू. बेळगावात खडेबाजारात किंवा निपाणी-खानापूरकडे असं बारीक काम करणारं कुणी आहे का? दुकानदार 'नवीनच घ्या' म्हणतात. मला हेच चालू करायचंय. कोल्हापूरलाही जायची तयारी आहे.