चांदीचे नॅनोकण घातलेलं जेल, झोन एवढा बारीक का?

कृष्णाकाठ, सांगली: प्रोजेक्टसाठी सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) जेलमध्ये चांदीचे नॅनोकण घातलेत, कॅल्शियम क्लोराईडमध्ये सेट केलं. स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर झोन (जिवाणू न वाढलेली मोकळी जागा) येतोय पण जेलच्या कडेला केसभरच, मग जखमेवरचं ड्रेसिंग म्हणून वायाच का?

मिरजवाला: नाही रे, चांदी आगरमध्ये (प्लेटमधला जिवाणू वाढवायचा घट्ट थर) फारशी पसरत नाही त्यामुळं झोन बारीकच दिसतो. जेल जिवाणूंच्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचं पातळ द्रावण) २४ तास ठेव, मग किती जिवाणू जगले ते बघायला प्लेटवर कॉलन्या मोज. आणि बिनचांदीचं जेल कंट्रोलला, म्हणजे तुलनेला, हवंच, नाहीतर मेले कशानं ते कसं कळणार?

कराडकरीण: झोनसाठी चांदी वाढवत बसू नको हां, जखम भरणाऱ्या पेशीपण मरतात. फायब्रोब्लास्टवर (त्याच जखम भरणाऱ्या पेशी) एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी चाचणी) कर, ७० टक्क्यांपेक्षा कमी जगल्या तर आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय साहित्य पेशींना घातक आहे का ते तपासायचं मानक) प्रमाणं ते पेशींना घातकच.

कृष्णाकाठ, सांगली: बरं झालं विचारलं, आधी एमटीटीच लावतो.