चुकून ७७७ दिलेल्या फोल्डरच्या परवानग्या पूर्ववत कशा कराव्यात?

प्रश्न
आमच्या लहानशा कार्यालयात उबुंटू असलेला एक संगणक आम्ही तिघे आपापल्या लॉगिनने वापरतो. हिशेबाच्या सामायिक फोल्डरात एकाची फाईल दुसऱ्याला सेव्ह करता येत नव्हती, म्हणून मी वैतागून त्या फोल्डरवर आणि त्याच झटक्यात माझ्या होम फोल्डरवरही 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' (आतील सर्व काही कोणालाही वाचता, लिहिता व चालवता यावे अशी परवानगी) चालवले. (कमांडी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे.) फाईल सेव्ह होऊ लागल्या, परंतु आता एसएसएच (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचे साधन) माझी खाजगी की (त्या लॉगिनसाठीची गुप्त किल्लीची फाईल) वापरण्यास नकार देते. सरसकट ६४४ (मालकाला वाचणे-लिहिणे, बाकीच्यांना फक्त वाचणे) दिल्यास सर्व पूर्ववत होईल का?

उत्तर १
कृपया तसे करू नका. फाईलवरील एक्स म्हणजे ती चालवण्याची परवानगी, तर फोल्डरवरील एक्स म्हणजे आत शिरण्याची. सरसकट ६४४ दिल्यास फोल्डरांचा एक्स जाईल आणि स्वतःच्याच घराबाहेर उभे राहण्याची वेळ येईल. होम फोल्डरासाठी 'फाईंड' वापरून '-टाईप डी'ला (फोल्डरांना) ७०० आणि '-टाईप एफ'ला (फाईलींना) ६०० द्यावे, म्हणजे परवानगी फक्त मालकाला उरेल. त्यामुळे '.एसएसएच' फोल्डर ७०० व खाजगी की ६०० वर येईल आणि एसएसएचची तक्रार मिटेल, कारण इतरांना वाचता येणारी की ते मुद्दामच नाकारते.

उत्तर २
सीएचमॉडमध्ये लहान एक्सऐवजी मोठा एक्स लिहिण्याचा उपाय कोणी सुचवेल, पण तो येथे एकट्याने पुरणार नाही. मोठा एक्स फोल्डरांना आणि आधीपासून एक्स असलेल्या फाईलींना लागू होतो, आणि ७७७ मुळे आपल्या प्रत्येक फाईलवर तो आधीच बसलेला आहे.

उत्तर ३
मूळ अडचण सामायिक फोल्डराची आहे आणि तिचे उत्तर ग्रुपमध्ये आहे. 'हिशेब' नावाचा ग्रुप करून तिघांना त्यात घ्यावे, 'सीएचग्रुप -आर'ने सर्व फाईली त्या ग्रुपच्या कराव्यात, मग आतील फोल्डरांसह सर्व फोल्डरांना २७७० आणि फाईलींना ६६० द्यावे, म्हणजे मालक व ग्रुप सोडून इतरांना काहीच करता येणार नाही. सुरुवातीच्या २ मुळे आत नव्याने तयार होणाऱ्या फाईलींना ग्रुप आपोआप मिळतो. मात्र ग्रुपला लिहिता येईल की नाही हे युमास्क (नव्या फाईलींतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ती सेटिंग) ठरवतो, आणि तो ०२२, म्हणजे ग्रुपचे लिहिणे वगळणारा, असल्यास पहिले रडगाणे पुन्हा सुरू होईल. 'सेटएफएसीएल' या कमांडीने फोल्डरांवर नव्या फाईलींसाठीचे डिफॉल्ट परवानगी-नियम लावणे मला अधिक खात्रीचे वाटते, कारण तेथे युमास्कचे चालत नाही. ग्रुपमध्ये घेतल्यावर प्रत्येकाने लॉगआउट करून पुन्हा आत यावे.

आणखी एक: फाईल पुसण्याचा अधिकार तिच्या फोल्डरच्या परवानगीवर ठरतो, त्यामुळे ४४० दिलेली (फक्त वाचता येणारी) फाईलही सहकाऱ्याला पुसता येते. ते नको असल्यास २७७० ऐवजी ३७७० द्यावे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. की चालू झाली आणि तिघांनाही फाईली सेव्ह करता येत आहेत. केवळ होममधील बॅकअपची स्क्रिप्ट 'परवानगी नाही' म्हणून थांबली होती, तिला 'यू+एक्स' (मालकाला चालवण्याची परवानगी) दिल्यावर तीही चालली.

उत्तर १
६०० देताना स्क्रिप्टींचा एक्सही जातो, हे मी आधीच सांगायला हवे होते. '.लोकल/बिन'मध्ये काही ठेवले असल्यास तेही एकदा पाहून घ्यावे.