धावपट्टी समोर असताना ग्लायडर कोसळतं कसं?

उदगीरकर
एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे, ग्लायडर शिकायचं लई मनात आहे. काल एका अपघाताचा व्हिडिओ पाहिला. हवा स्वच्छ, पट्टी समोर, आणि शेवटच्या वळणावर एक पंख खाली जाऊन ग्लायडर भिरभिरत पडलं. कारण काय, तर "वैमानिकाचा अंदाज चुकला". आई म्हणायली, इंजिन नाही म्हणून पडलं. उंची कमी पडायली तर नाक जरा वर धरून पट्टी गाठता येत नाही का?

परभणीचा जुना पायलट
बाळा, माणसं गेली ती याच विचारानं. मी हडपसरला शिकलो, तिथं प्रत्येक उतरणं बिनइंजिनाचंच होतं.

चूक वळणाच्या आधी झालेली असते. डाऊनविंडला, म्हणजे पट्टीला समांतर उलट दिशेनं जाताना, वारं पाठीमागून असतं. वळायला उशीर झाला की ग्लायडर पट्टीपासून लांब जातं, वळल्यावर तेच वारं तोंडावर येतं आणि पट्टी गाठायच्या आधीच उंची संपते. त्यात खाली आल्यावर जमीन वेगानं मागं पळताना दिसते, वेग भरपूर आहे असं वाटतं, आणि हात नकळत स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) मागं ओढतो. वेग घटतो. अंतर वाढत नाही, उलट ग्लायडर आधीच खाली बसतं. जमिनीजवळ पंख झुकवायची भीती वाटते, म्हणून माणूस पायानं रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक फिरवतो. वळणाच्या आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे वेग कमी पडून त्याची उचल जाते, स्पिन (भिरभिरत पडणं) सुरू होते, आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. नीट झुकवून वळलं तरी ४५ अंशांत स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो. म्हणून वळायच्या आधी वेग हवा.

जालना_शेती
एप्रिलात दुपारी आमच्या काळ्या रानात वावटळी उठतात. तसल्या हवेत कसं?

परभणीचा जुना पायलट
वर चढणाऱ्या हवेशेजारी खाली बसणारी हवा असतेच. ती लागली की वळायच्या ठरलेल्या जागेपर्यंत जायचा हट्ट सोडून लगेच पट्टीकडं वळायचं. जास्तीची उंची एअरब्रेक (पंखावरच्या उघडणाऱ्या पट्ट्या) उघडून घालवता येते, कमी पडलेली कुठून आणणार? पट्टी गाठत नसेल तर पंख सपाट ठेवून समोरच्या रानात उतरायचं. काढणी झालेलं ज्वारीचं रान चालेल, उभा ऊस नको. पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरतं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे.

उदगीरकर
सर, गाठत नाही हे आधी कळतं कसं?

परभणीचा जुना पायलट
फायनलला, म्हणजे पट्टीकडं सरळ उतरताना, वेग कायम ठेवून पट्टीवरचा एक बिंदू धर. काचेत तो वर सरकायला लागला तर तू कमी पडायलास. एअरब्रेक उघडे असतील तर तिथंच मिटायचे.